खडकावरचा आळ

बोअर मारणाऱ्या माणसाला लोक पाण्याचा माणूस समजतात. हातखंब्याच्या तिठ्यावर चहाला थांबलो की हॉटेलवाला आमच्या गाडीकडे बघत विचारतो, "काय, आज कुणाच्या अंगणात गंगा आणलीत?" खरं तर माझा संबंध पाण्याशी कमी आणि हवेशी जास्त. गाडीवर जे धूड धडधडत असतं तो कॉम्प्रेसर. तो हवा दाबतो आणि पोलादी रॉडांच्या पोटातून खाली सोडतो. तीच हवा तळाच्या हातोड्याला ठोके मारायला लावते आणि फुटलेल्या खडकाचा चुरा उचलून वर आणून टाकते. तो चुरा आम्ही तळहातावर घेऊन बघतो. लाल आला की जांभा. पांढरट पिवळा, बोटांना चिकटणारा आला की शेडी, म्हणजे जांभ्याखालची चिकण माती. मग राखेसारखा करडा चुरा यायला लागला की समजायचं, काळा कातळ लागला. पाणी असलंच तर त्याच्यातल्या एखाद्या भेगेत. नसलं तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता रॉड काढायला लागायचं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. हातखंब्याजवळच्या एका निवृत्त मास्तरांनी पाणी बघणारा बोलावला होता. त्याच्या तळहातावरचा नारळ नेमका स्वयंपाकघरात, चुलीपुढे उभा राहिला. मास्तर भिंत पाडून गाडी आत घ्यायला तयार! त्यांची बायको उलथनं घेऊन दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "चुलीपाशी यायचं तर गाडी माझ्या अंगावरनं न्या." शेवटी गोठ्यामागे बोअर मारली आणि पाणी लागलं. मास्तर अजून सांगतात, चुलीपुढे दुप्पट लागलं असतं.

अशा गमती पुष्कळ आहेत, पण मी लिहायला बसलोय ते एकाच बोअरविषयी. ती पाण्यासाठी मारलेली नव्हती, आणि मी ती नीट बुजवली नाही. तिच्यापायी एका माणसाचं आयुष्यभराचं काम बसलं, चौदा घरांतला उजेड गेला, आणि दोष लागला तो खडकाला. पाच वर्षं मी तो लागू दिला.

रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिणेकडचा सिंधुदुर्ग झाला, त्या सुमाराची गोष्ट. पूर्णगडच्या अलीकडे खाडीला लागून एक टेकडी आहे. वर उघडा सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट माळ, उतारावर चौदा घरांची वाडी, पायथ्याशी खाडी. वाडीत तेव्हा वीज नव्हती. विजेचे खांब मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन थांबले होते. सड्यावर पुण्याच्या एका संस्थेनं दोन पवनचक्क्या उभ्या केल्या होत्या. ते काम आगाशेसाहेबांकडे होतं. पन्नाशीचे, काटकुळे, पायात कायम कॅनव्हासचे बूट. टेकडीच्या पोटातला खडक कसा आहे हे बघायला त्यांना तीन बोअर हव्या होत्या. मी आणि इस्माईलभाई, असे आम्ही दोघं गेलो. गाडी आणि कॉम्प्रेसर इस्माईलभाईच्या ताब्यात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि तोंडानं फटकळ.

"पाणी किती हवंय साहेब?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"पाणी नकोय. वारा ठेवायला जागा हवीय."

इस्माईलभाईनं माझ्याकडे बघितलं. "वारा ठेवायचाय? साहेब, तो माझ्या पोटात कालपासना ठेवलेला हाय. काढून देऊ काय?"

साहेब खो खो हसले आणि तिथेच जांभ्यावर बसून त्यांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. आपल्याकडे खारा वारा दुपारी उठतो आणि दिवेलागणीला पडतो. चक्की जोरात फिरते तेव्हा दिवा नको असतो, आणि दिवा हवा असतो तेव्हा चक्की उभी. म्हणून दुपारभर चक्कीच्या जोरावर हवा दाबायची, टेकडीच्या पोटात कातळात खोदलेल्या खोलीत ती भरून ठेवायची आणि संध्याकाळी थोडी थोडी सोडून तिच्यावर मोटर फिरवायची. ठिणगी चालत नाही अशा खाणींतून हवेवर चालणाऱ्या मोटरी असतात, तसली. त्या मोटरीवर वीज. परदेशात जमिनीखालच्या मिठाच्या थरांत पोकळी करून असं करतात म्हणे. आपल्याकडे मीठ नाही, कातळ आहे.

"पण कातळाला भेगा असतात साहेब," मी म्हणालो. "मी जन्मभर तेच शोधत आलोय. हवा राहील कशी?"

त्यांनी इस्माईलभाईच्या खांद्यावरचा पंचा घेऊन माझ्या तोंडावर ताणून धरला. "फुंका." मी फुंकलं, हवा सहज पार गेली. मग त्यांनी पंचा कळशीत बुडवला आणि पुन्हा धरला. "आता फुंका." माझे गाल फुगले, कान गरम झाले, पण हवा जाईना.

"भेगा असू देत," साहेब म्हणाले. "त्या भेगांत पाणी उभं आहे. वरच्या पाण्याचं ओझं आतल्या हवेच्या दाबापेक्षा जास्त असलं, की हवेला वाट नाही. दार आपण बसवू. राखण पाणी करील."

मी त्या निथळणाऱ्या पंच्याकडे बघत राहिलो. ज्या भेगांपायी मी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या त्या भेगा टेकडीखाली अशा पहारा देत बसल्या असतील, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून कातळावर पाय ठेवताना मला जरा संकोच वाटायला लागला.

"आणि एक," साहेब म्हणाले. "बघून झालं की प्रत्येक बोअर बुजवायची. वरून नाही. पाइप तळापर्यंत सोडायचा आणि सिमेंटची पातळ रबडी खालून वर चढवत आणायची, तोंडाशी येईपर्यंत. मधे पोकळी राहिली तर सगळं फुकट."

पहिल्या दोन बोअर साहेबांच्या देखत मारल्या आणि तशाच बुजवल्या. तिसरी वाडीच्या वरच्या अंगाला होती. साठ फुटांवर गेलो आणि चुरा वर येईनासा झाला. कॉम्प्रेसर चालू, हातोडा चालू, पण हवा भलतीकडेच जात होती. इतक्यात उतारावरून सुभद्राकाकी धावत आल्या. साठीच्या, वाडीतल्या एकुलत्या विहिरीच्या मालकीण. ही विहीर त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं मिळून खणलेली. नवरा गेल्यापासून विहिरीची काळजी त्या घरच्या माणसासारखी घेत. त्यांच्या पोहऱ्याच्या दोरीला हाता-हातावर गाठी मारलेल्या होत्या. पोहरा तळाला टेकवून दोरी कितव्या गाठीपर्यंत भिजली ते त्या रोज सकाळी बघत.

"आवो, बंद करा ता मशीन! जल्लं तुमचं लक्षण! माजी विहीर उकळतेय!"

आम्ही जाऊन बघितलं. पाण्यावर टोपलीएवढे बुडबुडे येत होते. कॉम्प्रेसर थांबवला तसे ते थांबले. म्हणजे साठ फुटांवरच्या भेगेचं दुसरं तोंड विहिरीत होतं. हे मला त्याच दिवशी, माझ्या डोळ्यांनी दिसलं होतं. नंतर माहीत नव्हतं म्हणायला मला जागा नाही.

बोअर एकशेऐंशी फुटांपर्यंत नेली. खाली कातळ उत्तम होता. साहेब खूष झाले आणि बुजवायचं काम माझ्यावर सोपवून आठ दिवसांसाठी पुण्याला गेले. पाठीमागे सिमेंटच्या बावीस गोण्या ठेवून गेले.

तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. तालुक्याच्या कचेरीत महिना महिना हेलपाटे घातले तर चार गोण्या. आणि दुसरीकडे शिमगा चार दिवसांवर आला होता. लांज्याकडच्या माझ्या गावात त्या वर्षी पालखीसाठी पक्की सहाण बांधायचं ठरलं होतं. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी बसवायचा चौथरा. चिरे होते, माणसं होती, सिमेंट नव्हतं. गावकीच्या बैठकीत मी छाती पुढे काढून म्हणून बसलो होतो, "सिमेंटचं माझ्याकडे लागलं."

नीट काम करायचं तर दोन दिवस आणि जवळजवळ सगळ्या गोण्या लागणार होत्या. मी बोअरमध्ये जांभ्याचे तुकडे टाकले, वर गोणपाटाचा बोळा ठोकला आणि वरचे दहा फूट तेवढे सिमेंटनं भरले. तोंड थापीनं गुळगुळीत केलं. धंद्यात असं सर्रास चालतं. कोरड्या गेलेल्या बोअरला कोण तळापासून भरतो?

"दत्तू, खालना भर," इस्माईलभाई म्हणाला. "साहेबानं तुझ्या तोंडावर ओला पंचा धरलान, विसरलास?"

"देवाचं काम आहे, इस्माईलभाई."

"तुझा देव, तुझं भोक. मी गाडी चालवतो."

सतरा गोण्या आम्ही गाडीत घातल्या. वहीत मी लिहिलं, 'तिसरी बोअर तळापासून भरली', आणि सही केली. त्या शिमग्याला पालखी नव्या सहाणेवर बसली आणि मानाचा नारळ मला मिळाला. मी तो मिरवत घरी नेला.

पुढचं वर्षभर पायथ्याकडून बोगदा खोदायचं काम चाललं. मला साहेबांनी ठेवून घेतलं. इस्माईलभाईलाही. एसटीच्या तीन गाड्या एकामागून एक उभ्या राहतील एवढी लांब आणि दोन पुरुष उंच अशी खोली कातळात तयार झाली. तोंडाशी काँक्रीटची जाड भिंत, भिंतीत पोलादी दार, दारावर दाब दाखवणारं गेज. तिसरी बोअर खोलीच्या बाजूनं, भिंतीपासून चार-पाच फुटांवरून गेली होती. सुरुंगांनी भिंतीला केसासारखे तडे गेले होते. मी ते बघत होतो आणि काही बोलत नव्हतो.

पाऊस सरता सरता पहिल्यांदा हवा भरली. भरायला आठवडा लागला. रोज दुपारी वर चक्क्या गरगरत आणि खाली गेजची सुई मुंगीच्या पावलांनी चढे. साडेतीनवर आल्यावर साहेबांनी व्हॉल्व्ह बंद केला. साडेतीन म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर साडेतीन किलोंचं ओझं, आणि दार तर माणसाच्या उंचीचं. त्या दारामागे केवढी ताकद कोंडलेली होती याचा विचार करून मी दारासमोरून जाणं टाळायचो. पण आवाज काहीच नाही. मी कातळाला कान लावला. कॉम्प्रेसरच्या धडधडीत जन्म गेलेला माणूस मी, हवेचं एवढं मौन कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुई जाग्यावर होती. साहेबांनी नुसतं कातळावर हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

त्या संध्याकाळी वाडीत दिवे लागले. घराला एक, असे चौदा. वारा पूर्ण पडला होता, खाडी आरशासारखी होती, वर चक्क्यांची पाती निश्चल, आणि तरी दुपारचा वारा चौदा घरांत उजेड होऊन बसला होता. पण बायकांची गर्दी दिव्यांपाशी नव्हती, मोटरपाशी होती. दाबलेली हवा सुटून पसरते तेव्हा भयंकर गार होते. मोटरच्या सुटत्या नळीवर, ऑक्टोबरच्या उकाड्यात, पांढराशुभ्र बर्फ धरला होता.

सुभद्राकाकींनी बोट लावून झटकन मागे घेतलं. "गो बाय! मासळीवरचा बर्फ रत्नागिरीसना येतो. ह्यो खयना आला?"

"वाऱ्याचा आहे काकी," साहेब म्हणाले.

काकींनी एक कण जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "खारट नाय." मग पदरानं नळी पुसून तिला नमस्कार केला. कुणी हसलं नाही.

साहेबांचं स्वप्न तिथे संपत नव्हतं. एकदा त्यांनी काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात बॅटरीच्या दोन तारा सोडल्या. एका तारेवरून उठणारे बुडबुडे उपड्या नळीत धरले आणि नळीच्या तोंडाशी काडी नेली. फट्ट आवाज झाला. "हा हायड्रोजन," ते म्हणाले. "पाण्यातून निघतो, जळतो आणि पुन्हा पाणीच होतो. हवा चार तास दिवे लावते. हा वायू कातळात साठवता आला तर वैशाखातला वारा श्रावणात वापरता येईल. पण तो हवेहून चोरटा. आधी खडकानं हवा धरून दाखवली पाहिजे. सगळं त्याच्यावर आहे." संस्थेचे वरिष्ठ मे महिन्यात बघायला येणार होते. खडक उन्हाळाभर हवा धरतो असं दिसलं तर पुढचं काम, नाहीतर टाळं.

हिवाळाभर खडकानं हवा धरली. मी मनाशी म्हणायला लागलो होतो, बघ, दहा फूट पुरले. आता कळतं की पुरले नव्हते. जमिनीत पाणी भरपूर होतं आणि माझ्या अर्धवट बोअरमध्येही ते गळ्यापर्यंत उभं होतं, म्हणून हवा अडली होती. माझी चूकसुद्धा पाण्यानंच झाकून धरली होती.

एप्रिलमध्ये सुई घसरायला लागली. आधी थोडी, मग रोज. आम्ही दार, पाइप, सांधे, सगळीकडे साबणाचा फेस फासून बघितला. फुगा कुठेच धरेना. साहेब दिवसभर गेजसमोर बसत. जेवण विसरत. मे लागल्यावर एका दुपारी सुभद्राकाकी बोगद्याच्या तोंडाशी आल्या. या वेळी ओरडल्या नाहीत.

"सायबानू, दुपारची तुमची चक्की फिरते नि विहीर बुडबुडते. नि सकाळची बगते तर पाणी एक गाठ खाली. चार दिस झाले, रोज एक गाठ. मे हाय. वाडी प्यायची काय?"

त्या बोलल्या आणि मला सगळं चित्र दिसलं. संध्याकाळी हवा वापरून खोलीतला दाब उतरला की बोअरमधलं पाणी तड्यांतून खोलीत गळत होतं, आणि त्याच्यामागोमाग भेगेतून विहिरीचं. उन्हाळ्यात ते भरून काढायला जमिनीत पाणी नव्हतं. मग दुपारी दाब चढला की हवा त्याच रिकाम्या नळीतून वर विहिरीत. हवा वर जात होती त्या वाटेनं पाणी खाली येत होतं. वाट माझी होती.

साहेब माझ्याकडे वळले. "दत्ताराम, तिसरी बोअर तळापासून भरलीय ना?"

इस्माईलभाई शेजारी उभा होता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. सिमेंटची चोरी म्हणजे तेव्हा फौजदारी होती. मला माझी नोकरी दिसली, गावातली सहाण दिसली, नारळ दिसला. आणि हेही लिहितो की साहेबांचा चेहरा दिसला, आणि तो उतरलेला बघण्यापेक्षा खोटं बोलणं मला सोपं वाटलं.

"होय साहेब. तळापासून."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. वही मागितली नाही. "मग खडकच," एवढंच म्हणाले. वरिष्ठ यायला बारा दिवस होते. मधल्या काळात दाब कमी ठेवून, दिवे थोडेच लावून, दाखवण्यापुरतं काम निभावता आलं असतं. मी तसं सुचवलंही.

"आणि विहीर?" ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं व्हॉल्व्ह उघडला. सगळी हवा एकदम सुटली. बोगद्यात असा घोष उठला की वाडीतली माणसं अंगणात आली. संपूर्ण नळी बर्फानं पांढरी झाली, मग आवाज बारीक होत होत थांबला. साहेबांनी इस्माईलभाईला पंप लावायला सांगितला आणि खाडीला मिळणाऱ्या ओहोळाच्या डबक्यातलं पाणी खोलीत भरायला घेतलं, म्हणजे विहिरीचं आत उतरायचं थांबेल. वरिष्ठ आले तेव्हा साहेब त्यांना म्हणाले, "इथला खडक हवा धरत नाही. माझा अंदाज चुकला." मी चहा घेऊन मागे उभा होतो.

साहेब पुण्याला गेले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही मन लावून केलंत. खडकानं साथ दिली नाही, त्याला कोण काय करणार?"

यंत्रं उतरवायला तीन आठवडे होते. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी इस्माईलभाईला म्हणालो, "ती बोअर पुन्हा उघडायचीय."

"आता? मुडद्याला औषध पाजतोस?"

"खडक खरंच धरत नव्हता की नाही, ते मला बघायचंय."

त्यानं उठून गाडी सुरू केली.

माझ्या घराच्या गिलाव्यासाठी मी परमिटवर जमवलेल्या गोण्या घरी होत्या. त्या आणल्या. हातोड्यानं वरचं सिमेंट फोडलं, बोळा काढला, जांभ्याचे तुकडे हवेनं उडवून बाहेर काढले. पाइप तळापर्यंत सोडला आणि रबडी खालून वर चढवत आणली. दोन दिवस लागले. जेवढे शिमग्यापायी वाचवले होते तेवढेच. आठवडाभर ती मुरू दिली. मग खोलीतलं पाणी काढून, मेअखेरच्या घोंघावणाऱ्या वाऱ्यावर पुन्हा हवा भरली.

सुभद्राकाकींना मी खरं सांगितलं. त्यांच्या विहिरीशी खेळ होता, न सांगून चालणारच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मेल्या, देवाच्या नावानं विहीर फोडलास?" आणि दोरी घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या.

संध्याकाळी सहाला साडेतीनवर व्हॉल्व्ह बंद केला. हवा निवली तशी सुई केसभर उतरली आणि थांबली. सकाळी सहाला तिथेच. दुपारी बाराला तिथेच. सवयीनं मी प्रत्येक वेळ आणि दाब खिळ्यानं दाराच्या रंगात ओरखडून ठेवला. काकींना विचारायला गेलो तर त्या काठावर तशाच बसलेल्या. "विहीर गप हाय," त्या म्हणाल्या. पुन्हा संध्याकाळचे सहा. पूर्ण एक दिवस. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत, साऱ्या टेकडीचं पाणी खाली उतरलेलं असताना, तो कातळ श्वास रोखून बसावं तसा हवा धरून बसला होता. मी दारावर कपाळ टेकलं. इस्माईलभाई मागून हळूच म्हणाला, "सांग साहेबाला."

मी नाही सांगितलं. हवा सोडली, खोली पुन्हा पाण्यानं भरली, यंत्रं उतरवली, बोगद्याचं तोंड चिऱ्यांनी बंद केलं. पावसात विहीर पूर्ववत झाली. वाडीत पुन्हा रॉकेलच्या चिमण्या आल्या. सुभद्राकाकींनी मात्र बल्ब काढला नाही. दर शनिवारी पुसतात. मी एकदा पुण्याला साहेबांना भेटायचं म्हणून स्वारगेटपर्यंत गेलो आणि स्टँडवर दोन चहा पिऊन परतीच्या गाडीत बसलो. अशी पाच वर्षं गेली. दर शिमग्याला पालखी त्या सहाणेवर बसते, गाव नमस्कार करतं आणि माझी नजर सिमेंटवर जाते.

यंदा गावकीनं ठरवलं की सहाणेवर माझ्या नावाची पाटी लावायची. भर बैठकीत मी उठून म्हणालो, "ते सिमेंट माझं नव्हतं." सगळं सांगितलं. मानकरी म्हणाले, "दत्ताराम, देवाच्या पायाखाली गेलं ते गेलं. आता कशाला उगाळतोस?" पाटीचा विषय मिटला. मला मात्र मोकळं वाटलं नाही, कारण ज्याला सांगायला हवं होतं तो तिथे नव्हता.

त्या आठवड्यात मी साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. माझी चूक, माझी भीती, माझी झोप गेली ती, माझ्या घराच्या मागच्या भिंतीला अजून गिलावा नाही ते, सारं. दुसऱ्यांदा बोअर भरली आणि खडकानं हवा धरली, हे शेवटी दोन ओळींत. वाटलं, शिव्या येतील, नाहीतर उत्तरच येणार नाही.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: 'सुई किती वेळ स्थिर होती? सुरुवातीचा दाब, शेवटचा दाब आणि विहिरीची पातळी कळवा.' 'किती वेळ' याच्याखाली दोन रेघा होत्या.

चार पानांत मी माझ्याविषयी सगळं लिहिलं होतं. खडकाविषयी जे सांगायला हवं होतं तेच राहिलं होतं.

इस्माईलभाई आता लोट्याला एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर असतो. त्याला निरोप पाठवला. रविवारी तो आला, आम्ही टेकडीवर गेलो आणि बोगद्याच्या तोंडाचे चार चिरे काढले. आत गार अंधार. दाराला गंज चढलेला, पण खिळ्याचे ओरखडे शाबूत होते. इस्माईलभाईनं बॅटरी धरली आणि मी आकडे उतरवून घेतले. दारापलीकडे पाणी उभं होतं. मी कातळाला हात लावला. तो ओला होता आणि गार होता.

येताना सुभद्राकाकींकडे गेलो. "काकी, त्या दिवशी पाणी कितव्या गाठीला होतं, आठवतं काय?"

"इसरेन कशी? तिसऱ्या. सांजच्याला तिसऱ्या, दुसऱ्या सांजच्याला पण तिसऱ्या. सायबानं इचारलान काय?"

"होय."

"मग आता तरी नीट लिव."

त्यांच्या ओटीवर, त्या न लागणाऱ्या बल्बखाली बसून मी कार्ड लिहिलं. माझ्याविषयी त्यात एक शब्दही नाही. 'सुरुवात संध्याकाळी सहा, दाब साडेतीन. हवा निवल्यावर केसभर कमी. त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत बदल नाही. विहीर: सुरुवातीला तिसरी गाठ, शेवटी तिसरी गाठ. बुडबुडे नाहीत. खडकात दोष नाही.'